जागतिक पातळीवरचे आमचे हे

आमच्या ह्यांना अख्ख्या देशात 'जागतिक' म्हणतात. अख्ख्या देशात म्हटलं म्हणून लगेच दबून जाऊ नका. आमचा देश केवढा, तर सकाळी एका टोकाला बसमध्ये बसावं आणि डबा उघडायचा विचार मनात येईपर्यंत दुसरं टोक यावं. देशात पोस्ट एक, पासपोर्टचं ऑफिस एक, लिफ्ट असलेली इमारत एक, आणि तीही लिफ्ट वर गेली की खाली यायला कुरकुरते. पण फोटोग्राफर मात्र अकरा! आता एवढ्याशा देशाला अकरा फोटोग्राफर कशाला हवेत, ते मला तेहेतीस वर्षांच्या संसारात कुणी समजावून सांगितलेलं नाही.

'जागतिक' हे नाव पडलं ते ह्यांच्या तोंडाच्या पट्ट्यामुळे. कुठलंही बोलणं निघू द्या, हे मान तिरकी करून म्हणणार, "जागतिक पातळीवर असं चालत नाही." भाजीवाल्याने टोपली उन्हात ठेवली तरी, "जागतिक पातळीवर प्रकाश डावीकडून घेतात." लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी चहा केला, तर कपाकडे एक डोळा मिटून बघितलं न् म्हणाले, "वाफ छान येतेय, जरा थांब, पिऊ नकोस." चहाचं पार पाणी झालं, तेव्हा कुठे फोटो निघाला. तेव्हाच मी ओळखलं, की बाई गं, तुझं काही खरं नाही.

स्वतः हे कधी देशाबाहेर गेलेले नाहीत, बरं का. जग बघितलं ते परदेशी मासिकांतून. आमचा स्टुडिओ खाली, घर वर. स्टुडिओत पुढच्या खोलीत माझं काउंटर आणि फोटो कापायचं यंत्र, मागच्या खोलीत दोन दिवे, एक निळा पडदा, एक पांढरा पडदा, फिरतं स्टूल आणि कोपऱ्यात मासिकांचा हा ढीग. त्या ढिगाखाली पत्र्याची पेटी. ह्यांनी आजवर चौदा देशांतल्या स्पर्धांना फोटो पाठवले, आणि चौदाही देशांनी ते मोठ्या अदबीने परत पाठवले. ते सगळे त्या पेटीत आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर त्या त्या भाषेत शिक्का, 'निवड नाही'. हे म्हणतात, "शिक्के बघ किती सुबक मारलेत. जागतिक पातळी!" आता अशा माणसापुढे काय डोकं फोडणार?

पोट मात्र पासपोर्टच्या फोटोंवर. तो प्रकार ह्यांच्या लेखी फोटोग्राफी नव्हेच. गिऱ्हाईक येतं, हे त्याला स्टुलावर बसवतात, "हनुवटी खाली, खांदे सोडा, कान दाखवा," असं दोन-चार शब्द बोलतात, आणि त्या बोलण्या-बोलण्यात बटण कधी दाबलं ते त्या माणसाला कळतसुद्धा नाही. मी फोटो कापते, पाकिटात घालते. घरी जाऊन माणूस पाकीट उघडतो आणि बायकोला म्हणतो, अगं, हा तर मीच! पण हे कौतुक ह्यांना सांगायला जावं, तर वसकन अंगावर येणार, "त्यात काय एवढं? ते काम आहे."

कला म्हणजे रविवारी. कला म्हणजे धुकं, एकटं झाड आणि सुरकुत्यांचा म्हातारा. परदेशी मासिकांत हे तीन फोटो दर अंकाला असतात, म्हणून आमच्या फोटोग्राफर संघाच्या वार्षिक प्रदर्शनातही असतातच असतात. आता अडचण अशी, की आमच्या देशात धुकं पडत नाही. हे मग मागच्या खोलीत पाणी उकळून धुकं करतात. त्यापायी माझ्या दोन किटल्या जळल्या आणि निळ्या पडद्याला बुरशी आली. एकटं झाड देशात एकच, धरणाच्या पलीकडे. रविवारी सकाळी त्या एकट्या झाडासमोर अकरा जण तिपाया लावून रांगेत उभे असतात, "सरक ना जरा, माझ्या एकांतात तुझी टोपी येतेय," म्हणून भांडत असतात. मी एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली.

आणि म्हातारा. नीट सुरकुत्या असलेला म्हाताराही देशात एकच. पोस्टाच्या पायरीशी चपला-बूट दुरुस्त करत बसतो. चेहरा असा, की नुसता बघितला तरी आपल्याला आपली पापं आठवावीत. सगळे त्याला सुरकुतीबाबा म्हणतात, तोही रागावत नाही. आमच्या संघातल्या बहुतेक सगळ्यांनी त्याचे फोटो काढलेत. इतके काढलेत, की बाबा आता मुरलाय. लांबून कॅमेरा दिसला की हातातला बूट बाजूला ठेवतो, दोन्ही हात गुडघ्यावर घेतो आणि विचारतो, "उदास देऊ, की विचारात पडलेला?" एकदा ह्यांनी "दोन्हीच्या मधलं द्या" म्हटलं, तर त्याने तेही हुबेहूब दिलं.

प्रदर्शन पोस्टाच्या वरच्या दालनात भरतं. प्रत्येकाने चार फोटो लावायचे, पहिलं बक्षीस एकाला. आता अकरा जणांत बक्षीस द्यायचं कुणी आणि घ्यायचं कुणी? दुखवादुखवी नको, म्हणून संघाने पूर्वीच ठरवून टाकलंय, पाळीपाळीने. अकरा वर्षांनी प्रत्येकाची पाळी. दर वर्षी परीक्षक म्हणून दोघं-तिघं गंभीर चेहरे करून फिरतात, वहीत टिपणं काढतात, आणि शेवटी ज्याची पाळी त्याचं नाव पुकारतात. पुकारल्यावर तो माणूस "मी? खरंच मी?" असं म्हणतो. तसं म्हणायची पद्धतच आहे.

तर यंदा आमच्या ह्यांची पाळी होती. पाळीच्या पहिल्याच फेऱ्यात ह्यांचा नंबर शेवटचा, अकरा वर्षं थांबले होते. मी त्यांच्यासाठी शर्ट शिवून घेतला होता, बक्षिसासाठी भिंतीवर खिळाही ठोकून ठेवला होता. "मी? खरंच मी?" हे आरशासमोर म्हणून बघताना मी त्यांना दोनदा पकडलं.

पण स्वस्थ बसतील तर ते हे कसले! दर वर्षी संघाच्या बैठकीत उभं राहून हे एकच मागणी करायचे, "परीक्षक जागतिक पातळीचा हवा. बाहेरचा हवा. आपण आपल्याच पाठी किती दिवस थोपटणार?" दर वर्षी अध्यक्ष म्हणायचे, विचार करू. यंदाही ह्यांनी सवयीने हात वर केला, सवयीने मागणी केली. आणि अध्यक्षांनी, दहा वर्षं तेच तेच ऐकून जीव विटला म्हणून म्हणा किंवा ह्यांची जिरवावी म्हणून म्हणा, सांगितलं, "ठीक आहे. यंदा बाहेरचा परीक्षक बोलावू. आणि बाहेरचा माणूस म्हटल्यावर पाळी बंद. तो देईल त्याला बक्षीस." सगळ्यांनी बाकं वाजवली. ह्यांनीही वाजवली! घरी जिना चढता चढता पाचव्या पायरीवर ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तिथेच बसले.

"अगं," म्हणाले, "यंदा माझी पाळी होती."

मी कपाळावर हात मारून घेतला. स्वतःच्या हाताने स्वतःच्या ताटातलं उचलून दिलं, आणि वर बाक वाजवून आले. मी काय बोलायचं ते बोलले, ते इथे सांगत नाही. पण ह्यांनी ऐकून घेतलं आणि एकदम शांतपणे म्हणाले, "बरंच झालं. एकदाचं कळू तरी दे. एकसष्टावं लागलंय मला. पाळीचं बक्षीस घेऊन भिंतीवर लावलं असतं, पण रोज बघून मनात काय आलं असतं ते मलाच ठाऊक. बाहेरचं डोळस माणूस येतंय, त्याला सांगू दे. आहे म्हणालं तर आहे. आणि नाही म्हणालं, तर मी कॅमेरा खाली ठेवला. कायमचा."

मी म्हटलं, "उगाच काहीतरी बोलू नका." पण मला माहीत होतं. हा माणूस जगातल्या सगळ्या गोष्टी बडबडत बोलतो, आणि खरी गोष्ट हळू आवाजात. 

परीक्षकबाई आल्या. मला वाटलं होतं, कुणीतरी उंच टाचांची, चष्मा केसांत खोचलेली बाई असेल. आल्या त्या माझ्याच वयाच्या, पायांत कापडी बूट, खांद्याला पिशवी. आमची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून अध्यक्षांच्या सुनेने मधे उभं राहून इकडचं तिकडे सांगायचं ठरलं. बाईंनी चव्वेचाळीस फोटो बघितले. घाई नाही, गडबड नाही. प्रत्येकासमोर उभ्या राहिल्या. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून, शाळेत तपासणी आल्यावर बसतात तसे.

ह्यांचे चार फोटो खिडकीशेजारी होते. किटलीचं धुकं, एकटं झाड, रिकामी खुर्ची, आणि चौथा सुरकुतीबाबा. बाबाचा तो फोटो म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. सहा वर्षं खपून, तीनशे फोटोंतून निवडलेला. बाई त्याच्यासमोर थांबल्या. पुष्कळ वेळ थांबल्या. ह्यांचा हात माझ्या हाताशी आला न् मी तो घट्ट धरला.

बाई वळल्या आणि काहीतरी बोलल्या. अध्यक्षांची सून घुटमळली. "सांग ना," हे म्हणाले.

"त्या म्हणताहेत," ती म्हणाली, "की या माणसाचे या दालनात मी नऊ फोटो बघितले. पण हा माणूस करतो काय, ते मला अजून कळलेलं नाही."

 बाबा खाली पोस्टाच्या पायरीशीच बसला होता, त्याच्या हातोडीचा आवाज वरपर्यंत येत होता.

पहिलं बक्षीस मिळालं पक्षीवाल्याला. हा आमच्या शेजारच्या गल्लीतला, बारा महिने नुसते पक्षी टिपतो. त्याच्या चार फोटोंपैकी एका फोटोत पक्षी उडून गेला होता, नुसती हलणारी फांदी आली होती. चौथा सापडेना म्हणून त्याने तो घाईत लावलेला. बाईंनी नेमका तोच उचलला. म्हणाल्या, इथे निदान काहीतरी नुकतंच घडून गेलंय. पक्षीवाला "मी? खरंच मी?" म्हणाला, आणि आमच्या संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी ते मनापासून म्हणालं. पण बिचाऱ्याचं तोंड उतरलेलंच होतं. जन्मभर पक्षी काढले, आणि बक्षीस कशाला, तर नसलेल्या पक्ष्याला!

नंतर चहा होता. अध्यक्षांनी अदबीने विचारलं, "बाई, सध्या जागतिक पातळीवर काय चाललंय?" ह्यांचे कान टवकारले. एवढं होऊनही टवकारले, काय म्हणावं!

बाई हसल्या. सुनेने सांगितलं ते असं, "झाड, म्हातारा आणि धुकं. मी जाते त्या प्रत्येक देशात हेच असतं. आमच्याकडे धुकं खरं पडतं, एवढाच काय तो फरक. आमच्या गावच्या संघात आम्ही तेवीस जण आहोत, बक्षीस पाळीने. माझी पाळी यायला अजून सहा वर्षं आहेत."

सगळे जे हसत सुटले, की चहा सांडला. अध्यक्ष तर बाईंना जवळजवळ सख्खी बहीण समजायला लागले. इतकी वर्षं जगापुढे आपण कोण कुठले, म्हणून वाकून चालत होते ते सगळे, एकदम ताठ झाले. एकटे आमचे हे हसले नाहीत. घरी येताना म्हणाले, "म्हणजे वर काही नाहीच गं. मी तेहेतीस वर्षं शिडी चढत होतो, आणि वर पुन्हा पोस्टाचंच दालन!" आणि घरी आल्यावर कॅमेरा पुसला, कापडात गुंडाळला आणि कपाटात, माझ्या हिवाळी शालींच्या खाली ठेवून दिला. स्टुडिओच्या दाराला पाटी लावली, 'बंद'. माझा जीव नुसता तुटला. तो कॅमेरा मला सवतीसारखा वाटायचा, पण सवतीला असं शालींत गुंडाळलेलं बघवेना.

पुढचे पाच दिवस मी जे सोसलं, ते मलाच ठाऊक. कॅमेरा नसलेले हे म्हणजे दिवसभर घरात! पहिल्या दिवशी माझे डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या दिवशी सावलीप्रमाणे लावले. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत असताना मागे उभे राहून म्हणाले, "थोडी डावीकडे सरक." मी लाटणं घेऊन वळले तेव्हा गेले. पण जेवताना मान वर करीत नव्हते. आणि पाच दिवसांत एकदाही, एकदाही 'जागतिक पातळी' म्हणाले नाहीत. मीच शेवटी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं, म्हटलं आतातरी म्हणतील. तर गप्प जेवले.

सहाव्या दिवशी सकाळी दहा वाजता खाली दार वाजलं. 'बंद' वाचूनही वाजवणारा कोण, म्हणून मी खाली गेले, तर सुरकुतीबाबा. अंगात धुतलेला सदरा, हातात पाकीट, आणि चेहरा आज खराच रडवेला.

"ताई, साहेब आहेत? मला पासपोर्टचा फोटो हवाय."

बाबाची मुलगी बाहेरदेशी असते, हे मला माहीत होतं. तिला मुलगी झाली होती. बाबाने आजवर देशाची हद्द ओलांडली नव्हती, पण नातीला बघायला निघाला होता. तिकीट पुढच्या आठवड्याचं. आणि पासपोर्टच्या ऑफिसने त्याचा फोटो तीनदा परत केला होता. आज दुपारी एकच्या आत चांगला फोटो नाही दिला, तर पासपोर्ट वेळेत मिळणार नाही, आणि तिकीट वाया.

"तीनदा? असं काय होतं त्या फोटोंत?" मी विचारलं.

बाबाने पाकीट काउंटरवर रिकामं केलं. आम्ही बंद म्हणून तो आधी पक्षीवाल्याकडे गेला होता. पक्षीवाल्याने सवयीने त्याला वर उजवीकडे बघायला लावलं. ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "हा माणूस कुणाकडे बघतोय?" मग तो संघाच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्षांना उजेड-सावलीचा भारी नाद. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. साहेब म्हणाले, "उरलेला अर्धा घेऊन या." शेवटी बाबा बसस्थानकावरच्या त्या फोटोच्या यंत्रात जाऊन बसला. तिथे तर माणूसच नव्हता. पण यंत्राने आवाज केला, की बाबाचे हात आपोआप गुडघ्यावर आले आणि चेहरा आपोआप प्रदर्शनातला झाला. तो फोटो बघून साहेब काचेतून बाहेर आले, बाबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कोण गेलं हो?" आणि मग नियम दाखवला. पासपोर्टच्या फोटोत भाव नकोत.

"आता मी काय करू, ताई?" बाबा म्हणाला. "मला साधा चेहराच करता येईनासा झालाय. कॅमेरा बघितला की हे असं होतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं हे करून ठेवलंय."

मी वर गेले. ह्यांनी सगळं ऐकलं होतं, जिन्यात उभं राहून. "मी कॅमेरा ठेवलाय," म्हणाले.

मग मात्र माझं डोकं सटकलं. "ठेवलाय तर ठेवलाय! त्या बिचाऱ्याचा चेहरा कुणी बिघडवला? तीनशे फोटो काढलेत तुम्ही त्याचे! उदास द्या, विचारात पडा, दोन्हीच्या मधलं द्या! आता त्याला नातीकडे जायचंय तर त्याच्याकडे स्वतःचा चेहरा उरलेला नाही. मोठे आले कॅमेरा ठेवणारे! आधी त्याचं तोंड त्याला परत द्या, मग ठेवा काय ठेवायचं ते!"

हे कपाटाकडे वळले. मग माझ्या शालींखालून कॅमेरा काढला.

बाबाला स्टुलावर बसवलं. मागे पांढरा पडदा. हे म्हणाले, "बाबा, आज काहीच द्यायचं नाही."

"काहीच म्हणजे? शून्यात बघतो तसं?"

"नाही, शून्यात पण नाही. नुसतं बसा."

बाबा नुसता बसला, तर नुसतं बसण्याचंसुद्धा दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. ह्यांनी सगळे उपाय करून बघितले. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. नातीचं नाव विचारलं, तर त्याचे डोळे भरून आले, तो फोटो बाद. मी विनोद सांगितला, तर दात दिसले, तोही बाद. साडेअकरा झाले. बाराला दहा कमी. आमच्या नाकी नऊ आले. बाबाच्या कपाळावर घाम, ह्यांच्या कपाळावर घाम, मी दोघांना रुमाल देतेय.

हे कॅमेऱ्यामागे नुसतेच उभे राहिले. मग स्वतःशीच पुटपुटले, "हा माणूस करतो काय..." ते बाईंचंच वाक्य. आणि एकदम खाली वाकले, डाव्या पायातला बूट काढला आणि बाबाच्या हातात दिला.

"बाबा, हा जरा बघा हो. चालताना काहीतरी टोचतंय."

बाबाने बूट घेतला, आणि काय सांगू! तो बूट हातात आल्याबरोबर त्याचे खांदे सुटले. त्याने बूट उलटा केला, अंगठा टाचेवर दाबला, शिवणीवरून बोट फिरवलं. कामाच्या वेळी ओठांत खिळे धरायची त्याची सवय, त्यामुळे खिळे नसतानाही ओठ आपसूक मिटले. बूट त्याने मांडीवर ठेवला, आणि टोचतंय कुठे ते कळलेल्या माणसासारखं सरळ समोर, ह्यांच्याकडे बघितलं. ना उदास, ना विचारात पडलेला. पोस्टाच्या पायरीशी मी रोज बघते तोच, आपलं काम येणारा माणूस.

ह्यांनी बटण दाबलं. एकच फोटो.

"टोचत काही नाही," बाबा म्हणाला. "टाच एका बाजूला झिजलीय. तुम्ही सगळा भार डाव्या पायावर टाकून, पुढे वाकून उभे राहता. फार वर्षं उभे आहात, साहेब."

हे एक बूट घातलेला, एक पाय मोज्यातला, असे कॅमेऱ्यावर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "काप लवकर." मी कापले, पाकिटात घातले, आणि बाबा धावत सुटला. एकला पाच कमी असताना पोचला म्हणे. साहेबांनी फोटो बघितला, शिक्का मारला, पुढचा, म्हणाले.

कपाटात कॅमेरा परत ठेवायला मी शाली उचलल्या, तर हे म्हणाले, "राहू दे बाहेर. कुणी आलं तर." दुपारी दारावरची पाटीही गेली. मी काही बोलले नाही, उगाच डिवचलं तर पुन्हा ठेवायचे. पण मला कळत होतं, काटा अजून आत आहे. रविवारी झाडाकडे गेले नाहीत. बक्षिसाच्या भिंतीवरचा रिकामा खिळा तसाच होता.

साडेतीन महिन्यांनी बाबा परत आला. नवीन सदरा, अंगावर थोडं मांस चढलेलं. आधी नातीचे फोटो दाखवले, मग माझ्यासाठी आणलेला साबण दिला, मग खिशातून रुमालात बांधलेला पासपोर्ट काढला. त्याच्या मुलीने त्याला शेजारचे देशही फिरवून आणले होते. पानांवर चार शिक्के, निळे, तांबडे, एक तिरका. हे चष्मा लावून एकेक शिक्का बघत होते. मी कोपऱ्यातल्या पेटीकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. ह्यांच्याही मनात तेच असावं, कारण चारही शिक्के मोजून झाल्यावर पान उलटून मागे काही लिहिलंय का, ते त्यांनी बघितलं. मागे काहीच नव्हतं.

"फोटोला कुणी हरकत घेतली नाही?" हे विचारायला लागले. आवाज एकदम हळू. तो खऱ्या गोष्टीचा आवाज. "एवढे देश झाले. कुठे थांबवलं, बाजूला घेतलं, दुसरा मागितला, असं काही?"

"छे हो!" बाबा म्हणाला. "जिथे जाईन तिथे काचेमागे एक साहेब. मला भाषा येत नाही, त्याला माझी येत नाही. तो फोटोकडे बघायचा. मग माझ्याकडे बघायचा. आणि मान हलवायचा. दर वेळी तेच."

"काय तेच?"

बाबाला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. त्याने पासपोर्ट उघडून धरला, आधी फोटोवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

"हेच की, साहेब. तो मानेनेच सांगायचा, 'हे तुम्हीच.'"

हे काउंटरला धरून खाली बसले, माझ्या स्टुलावर. चष्मा काढला. डोळे पुसले, उघड उघड, आमच्या दोघांसमोर. मग नाक शिंकरलं, पासपोर्ट पुन्हा उघडला, तो फोटो हातभर लांब धरून एक डोळा मिटून बघितला आणि मला म्हणाले,

"अगं, डावीकडून प्रकाश किती छान आलाय बघ."